भन्तेंना माहीत होतं

"तुम्हाला माहीत होतं?"

मृण्मयीनं वंदन केलं नाही. चपलाही काढल्या नाहीत. विहाराच्या अंगणात ती तशीच येऊन उभी राहिली. हातात तुरुंगाचा शिक्का मारलेलं पत्र होतं.

भन्ते खेमानंद कडुनिंबाखाली बसून चिवराचा उसवलेला काठ शिवत होते. त्यांनी सुई थांबवली नाही.

"काय?"

"बबन नेहारेनंच ते दोन खून केले, हे."

"हो."

"केव्हापासून माहीत होतं?"

"त्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हापासून. त्यानंच सांगितलं."

"म्हणजे... तीन वर्षं?"

"तीन वर्षं आणि दोन महिने."

मृण्मयी पायरीवर बसली. 

चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी भन्ते कारागृहात शिपाई होते. त्या नोकरीतली एकच गोष्ट ते सांगत, आणि तीही शिबिराच्या पहिल्या दिवशी, एकदाच. फाशीच्या आदल्या दिवशी कैद्याचं वजन करतात. त्यावरून दोर किती सोडायचा ते ठरतं. एका माणसाला त्यांनी काट्यावर उभं केलं होतं. त्यानं विचारलं, "किती भरलं?" हे म्हणाले, "एकसष्ट." तो हसला. म्हणाला, "आलो तेव्हा बावन्न होतो. चांगलं खाऊ घातलंत हो तुम्ही."

पुढं काय झालं, तो कोण होता, त्यानं काय केलं होतं, असं कोणी विचारलं तर भन्ते म्हणत, "वजन सांगितलं ना."

त्या नोकरीनंतर ते विहारात आले. दर उन्हाळ्यात दहाबारा मुलामुलींचं शिबिर घेऊ लागले. फाशीच्या शिक्षेविरुद्ध लोकांत जाऊन बोलायचं कसं, याचं शिबिर. पण बोलणं पंधरा दिवसांनी. आधी त्या घरी जाऊन बसायचं, ज्या घरातलं माणूस कोणीतरी मारलं आहे.

"तिथं बोलायचं काय?" मृण्मयीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काही नाही."

"मग जायचं कशाला?"

"बसायला."

ती अमरावतीची. काळमेघ वकिलांची मुलगी, स्वतः कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. वक्तृत्वाच्या अकरा ढाली घरात मांडलेल्या. जगातल्या किती देशांनी फाशी रद्द केली, किती निरपराध माणसं चुकून लटकली, सगळे आकडे पाठ. बसायला जाणं तिला वेळेचा अपव्यय वाटला.

त्याच दिवशी भन्तेंनी सगळ्यांना एकेक कागद दिला होता.

"ज्याला फाशी व्हावी असं तुम्हाला मनापासून वाटतं, त्याचं नाव लिहा. मी वाचणार नाही. फक्त लिहिलंय का ते बघणार."

मुलांनी लिहिलं. कोणी लिहिताना रडलं. एकीनं दोन नावं लिहिली. मृण्मयीनं कोरा कागद परत केला.

"माझ्या मनात कोणाहीबद्दल तसं काही नाही," ती म्हणाली. थोडं मान वर करूनच म्हणाली.

भन्तेंनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

"मग तुझं इथं काय काम?"

तो अपमान तिच्या मनात राहिला. दुसरी कोणी असती तर निघून गेली असती. ही राहिली, या माणसाला दाखवून द्यायचं म्हणून.

दाखवायची संधी मिळाली ती बबन नेहारेच्या प्रकरणात.

बबन घरं रंगवायचा. नदीपलीकडच्या सावळापुरात देवानंद ढोलेच्या घराला त्यानं दिवाळीपूर्वी रंग दिला होता. देवानंद दवाखान्यात कंपाउंडर. पुढं महिन्याभरानं एका रात्री देवानंद कामावर असताना त्याची बायको रंजना आणि चार वर्षांची मनू, दोघी घरात मारल्या गेल्या. रंजनाच्या गळ्यातली पोत गेली होती. बबन पकडला गेला. फाशीची शिक्षा झाली. अपिलं संपली. दयेचा अर्ज तेवढा उरला.

भन्ते दर आठवड्याला तुरुंगात ध्यान शिकवायला जात. तिथं त्यांची न् बबनची गाठ पडलेली. शिबिरात त्यांनी मुलांना सांगितलं, "बबनसाठी दया मागायची. त्यानं केलं की नाही केलं, हे तुम्हाला माहीत नाही. म्हणून त्यावर बोलायचं नाही. एवढंच म्हणायचं, मारू नका."

मृण्मयी आठवडाभर बाजारात उभी राहिली. एक्केचाळीस सह्या मिळाल्या. एका चहावाल्यानं कागद तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "चार वर्षांची पोरगी होती ती. जा घरी."

मग तिनं निकालपत्र मागवलं. दोन रात्री बसून वाचलं. पंचनाम्याची वेळ जुळत नव्हती. एका साक्षीदारानं जबाब फिरवला होता. दाराची कडी तोडलेली नव्हती, आतून उघडलेली होती. संशयाला जागा होती. तेवढी जागा तिला पुरली.

नवं पोस्टर छापून आलं. "निर्दोष बबनला वाचवा. खरा गुन्हेगार मोकाट आहे."

भन्ते त्या पोस्टरपुढं बराच वेळ उभे राहिले.

"निर्दोष हा शब्द काढ."

"का?"

"तुला माहीत नाही म्हणून."

"कोर्टाला तरी कुठं माहीत आहे? पंचनामा वाचलाय तुम्ही? आणि भन्ते, 'मारू नका' म्हटलं की लोक दार लावून घेतात. 'निर्दोष' म्हटलं की आत बोलावतात. पाणी देतात."

भन्तेंनी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

मृण्मयीला वाटलं, आपण जिंकलो. निरुत्तर केलं आपण यांना.

दोन वर्षांत तीस हजारांवर सह्या झाल्या. कॉलेजांतून सभा झाल्या. वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला. खरा गुन्हेगार मोकाट आहे, असं ती प्रत्येक सभेत सांगायची. कोण, ते तिनं कधीच सांगितलं नाही. तिला सांगावंच लागलं नाही. कडी आतून उघडलेली होती म्हटल्यावर लोकांनी आपापसांत नाव ठरवून टाकलं. नवराबायकोची भांडणं व्हायची म्हणे. तो कामावर होता हे कोणी पाहिलंय?

रंजनाच्या आईकडेही ती गेली होती. शेवंताबाईकडे. बसायला नाही, बोलायला.

"आजी, ज्याला फाशी देताहेत ना, तो तो नाहीच."

"मंग कोन?" शेवंताबाईंनी विचारलं होतं.

मृण्मयीनं खांदे उडवले होते. "घरातली सगळी माहिती असलेला कोणीतरी."

गेल्या महिन्यात वरून आदेश आला. फाशी रद्द, आजन्म कारावास. बसस्टँडवर पेढे वाटले गेले. मुलांनी मृण्मयीला खांद्यावर घेतलं. भन्ते त्या दिवशी विहारातून बाहेर आले नाहीत.

आणि आज हे पत्र. वाकडंतिकडं, पेन्सिलीनं लिहिलेलं.

"ताई, माझा जीव तुम्ही वाचवला. आता खोटं सहन होत नाही. ते मीच केलं. बाईनं मला ओळखून दार उघडलं. रंगाचा डबा राहिला म्हणून सांगितलं होतं मी. पोरगी उठून बसली, म्हणून तिलाही. मी हे भन्तेंना आधीच सांगितलं होतं. बाईच्या आईला माफीचं पत्र लिहायचं म्हणून मी तीनदा कागद मागून घेतला. पण बाहेर तुम्ही मला निर्दोष म्हणत होता. मग मी माफी कशाची मागणार?"

मृण्मयीनं पत्राची घडी केली. परत उघडली. परत घडी केली.

"रंगाचा डबा..." ती म्हणाली.

भन्ते शिवत होते.

"मला त्या वेळी कागद दिला होतात ना? आज द्या. आज मी नाव लिहीन."

"कोणाचं?"

"बबनचं." ती थांबली. "आणि खाली तुमचं."

भन्तेंनी दातानं दोरा तोडला.

"सोमवारपासून नवं शिबिर आहे. ये बसायला."

"थट्टा करू नका!"

"करत नाही."

"एका शब्दानं तुम्ही मला थांबवू शकला असता. पोस्टर लागलं त्या दिवशी. एक वाक्य, भन्ते. त्यानंच केलंय, एवढं म्हणाला असतात..."

"हो."

"का नाही म्हणालात? त्याला शब्द दिला होता?"

"नाही. त्यानं मागितलाही नव्हता."

"मग?"

"तू ते ऐकून गप्प बसली असतीस?"

मृण्मयीनं हातातल्या पत्राकडं पाहिलं.

"तू बोलली असतीस. मग तो मेला असता," भन्ते म्हणाले.

"आणि देवानंद?"

भन्तेंनी चिवराची घडी केली. सुई डबीत ठेवली. डबीचं झाकण लागेना. दोनदा लावून पाहिलं.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"शेवंताबाईकडे. आज पौर्णिमा आहे."

लेक आणि नात गेल्यापासून शेवंताबाई दर पौर्णिमेला भन्तेंना जेवू घालत. दोघींच्या नावानं. भन्ते बाराच्या आत जेवत, म्हणून सकाळीच चूल पेटवत. सात वर्षांत एक पौर्णिमा चुकली नव्हती.

"तुम्ही सांगणार त्यांना?" मृण्मयीनं वाटेत विचारलं.

"तू सांगणार. तूच सांगितलं होतंस ना तिला."

पूल ओलांडून दोघं पलीकडे गेले.

शेवंताबाईंनी ओट्यावर सतरंजी अंथरली होती. ताट वाढून ठेवलं होतं. वरण, भात, वांग्याची भाजी, पोळी. पोरीला पाहून त्या म्हणाल्या, "तूही आली का? ये, बस. तुलेही वाढतो."

मृण्मयी बसली नाही. उभ्यानंच तिनं सांगितलं. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लहान भाषण असेल. चार वाक्यं. चौथं पुरतं झालंच नाही.

शेवंताबाईंच्या हातात पाण्याचा गडवा होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"त्यानंच?"

"हो, आजी. त्यानं स्वतः लिहिलंय."

"मनूलेही?"

"...हो."

"मंग तू मले काय सांगून गेलती?"

"चुकलं, आजी."

"चुकलं," शेवंताबाई म्हणाल्या. जणू हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. "चुकलं म्हनते."

त्या उंबरठ्यावर बसल्या.

"देवानंद मले दर महिन्याले बीपीच्या गोया आनून द्याचा. रंजना गेली तरी आनाचा. म्या सांगो, नोको येत जाऊ बाप्पा, तुह्या जिवाले तरास होते. तरी याचा. अन् तू आली, अन् सांगून गेली, घरातली माहिती असलेला कोनीतरी. मंग तो आला तं म्या त्याले याच उंबरठ्यावरून हाकललं. पाकीट तोंडावर फेकलं त्याच्या. म्हनलं, माह्या लेकीले खाल्लं अन् आता मले औषद देतं काय?"

मृण्मयीनं मान खाली घातली.

"वर पाह्य माह्याकडं. तो काई बोलला नाई. पाकीट फाटलं होतं. अंगनात गोया पडल्या होत्या. एक एक वेचली त्यानं. फुंकून फुंकून साफ केली. इथं, ओट्यावर ठेवली. अन् गेला. घराले कुलूप लावून गावच सोडलं. दीड वरीस झालं. फोन लागत नाई. दवाखान्यात पुसलं, त्यायलेही माहीत नाई."

मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी भन्तेंकडं पाहिलं.

"भन्तेजी, तुमी तं तुरुंगात जात होते. तुमाले कवा समजलं?"

मृण्मयीला वाटलं, आता हे गप्प बसतील. किंवा म्हणतील, आजच. पत्र आजच आलं होतं. ते खोटं कोणालाच कळलं नसतं.

"मला आधीपासून माहीत होतं, माय."

"आधीपासून म्हंजे?"

"तीन वर्षं झाली."

शेवंताबाईंचे ओठ हलले. मनातल्या मनात महिने मागं नेत असाव्यात.

"देवानंदले हाकललं त्या दिवशी... पौर्निमा होती."

"हो."

"तुमी इथंच बसले होते. जेवत."

"हो."

"मी वरन वाढलं होतं तुमाले. त्याले शिव्या देऊन आली, अन् तुमाले वरन वाढलं."

"हो, माय."

"घास नाई थांबला तुमचा?"

"थांबला होता," भन्ते म्हणाले. "मग गिळला."

शेवंताबाई उठल्या. कुठंही घाई नव्हती. वाढलेलं ताट उचललं, आत नेऊन ठेवलं. बाहेर आल्या, सतरंजी झटकली, गुंडाळली, काखेत घेतली.

"त्याले फाशी झाली असती तं मले बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "आजही वाटन. हे तुमी दोघं ऐकून ठेवा. माह्यापाशी सही मागाले येऊ नोका."

"ऐकलं," भन्ते म्हणाले.

भिक्खू कधी गृहस्थापुढं वाकत नाही. भन्ते वाकले. गुडघे टेकले, कपाळ उंबरठ्याला लावलं. म्हातारपणामुळं वेळ लागला त्यांना, आणि तेवढा वेळ शेवंताबाई त्यांच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहत राहिल्या.

मग पाय मागं घेतला आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

परत येताना ऊन डोक्यावर आलं होतं. बारा वाजून गेले. म्हणजे आता उद्यापर्यंत भन्ते काही खाणार नव्हते. मृण्मयीच्या पिशवीत बिस्किटं होती. तिनं ती काढली नाहीत.

पुलाच्या अलीकडं ती बोलली.

"मी मूर्ख होते. गर्विष्ठ होते. कबूल. पण मला माहीत नव्हतं हो. तुम्हाला माहीत होतं."

भन्ते चालत होते.

"कोण जगणार आणि कोणाचं वाटोळं होणार, हे तुम्ही ठरवलंत. एकट्यानं. एक माणूस गुन्हेगार, तो राहू दे. एक माणूस निरपराध, तो जाऊ दे. ना साक्ष, ना पुरावा, ना अपील. ओट्यावर बसून. जेवता जेवता."

"हो."

"सारखं हो म्हणू नका!"

एक एसटी धूळ उडवत गेली. भन्तेंनी चिवराचं टोक तोंडावर धरलं. धूळ बसली तरी काढलं नाही.

"तीन वर्षं तुम्ही आम्हाला शिकवलंत," मृण्मयी म्हणाली. "माणसाचा निकाल माणसानं लावू नये म्हणून. आणि तुम्हीच लावलात. देवानंदचा. त्याला न विचारता. मग मला सांगा, भन्ते... फाशी देणाऱ्या त्या कोर्टात आणि तुमच्यात फरक काय राहिला?"

भन्ते थांबले. चिवराचं टोक खाली आलं, तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. तो त्यांनी पुसला नाही.

"देवानंदला अजून शोधता येतं," ते म्हणाले.